आभाळातल्या चिठ्ठीची मोहोर

मूलच्या माणसाने विमानांवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. आमच्याकडे धानाचे बांध, राइस मिलांचा कोंडा, उमा नदी आणि सोमनाथकडे जाणारे जंगल. विमानतळ दीडशे किलोमीटरवर, नागपूरला. तिथेही आमच्यापैकी बहुतेक जण कुणाला पोहोचवायला किंवा घ्यायलाच जातात. पण हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी जरा मान वर करून पाहा. एक पांढरी रेघ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असते आणि ती पुसली जाण्याआधी दुसरी तिला छेदून जाते. देशाच्या नकाशावर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता अशा दोन रेघा ओढल्या, तर त्या आमच्या विदर्भातच एकमेकींना कापतात. त्या रेघेच्या टोकाशी दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात आणि ते विमान सतत जमिनीशी बोलत असते. ते कुणाशी बोलते, कोणत्या भाषेत बोलते आणि मध्येच कुणी तिसऱ्याने तोंड घातले तर काय, असा हा विषय आहे.

याची सुरुवात मी नागपूरच्या सोनेगावपासून करतो. ३० जानेवारी १९४९ पासून तिथे एक विलक्षण गोष्ट रोज रात्री घडू लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. प्रत्येकाच्या पोटातल्या डाकेच्या थैल्या बाहेर येत, त्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत फिरत. पहाटे मुंबईच्या पोस्टात कलकत्त्याची पत्रे हजर! दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळातली ही योजना. बहुतेक डाकोटा विमाने, महायुद्धातून उरलेली, आवाजाने कान बधिर करणारी. काही प्रवासीही त्यांतून जात. हा प्रवास सुखाचा नव्हता आणि निर्धोकही नव्हता. डिसेंबर १९५३ मध्ये रात्रीच्या डाकेचे एक विमान सोनेगावहून उडताच कोसळले आणि तेरा जण गेले. तरीही जेट विमानांचा जमाना येईपर्यंत ही सेवा चालली.

त्या डाकेच्या थैलीकडे नीट पाहू. थैलीच्या तोंडाला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख आणि लाखेवर मोहोर. लाख म्हणजे आमच्या जंगलातलीच वस्तू, पळसाच्या आणि कुसुमच्या फांद्यांवर किडे तयार करतात ती. त्या लाखेच्या ठिपक्यात दोन आश्वासने असत. एक, ही थैली वाटेत कुणी उघडलेली नाही. दुसरे, ही अमुक पोस्टानेच बंद केली आहे, कारण मोहोर त्याच्याच कपाटात असते. आतली पत्रे कुणी वाचू नयेत, हा झाला तिसरा मुद्दा. तो थैलीच्या कापडाने आणि लिफाफ्याच्या डिंकाने भागत असे. न उघडलेले, खऱ्याने पाठवलेले आणि दुसऱ्याने न वाचलेले, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. लोक त्यांची गल्लत करतात आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत ती गल्लत आपल्याला नडणार आहे.

आता त्याच विमानात पुढे बसलेला बिनतारी अधिकारी काय करत होता ते पाहा. मागे मोहोरबंद थैल्या आणि पुढे हा माणूस ‘कट्ट-कड’ करत मोर्सच्या खुणांनी आपला ठावठिकाणा आभाळभर सांगत होता. ज्याच्याकडे योग्य यंत्र आणि मोर्स जाणणारा कान आहे, त्या कुणालाही ते ऐकू येई. पत्राला मोहोर होती. पत्र नेणाऱ्या विमानाच्या बोलण्याला नव्हती.

विमानातून जमिनीवर पहिला बिनतारी संदेश गेला तो ऑगस्ट १९१० मध्ये, न्यूयॉर्कजवळ. मॅकर्डी नावाच्या वैमानिकाने तो पाठवला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून नैनीला हेन्री पेके याने विमानातून डाक नेली. म्हणजे पत्र आणि बिनतारी हे दोघे आभाळात जवळजवळ बरोबरच चढले, पण त्यांची सोबत जमायला वेळ लागला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूपर्यंत डाक आणली, तेव्हा त्यांच्या इवल्याशा पस मॉथ विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली रेल्वेचे रूळ आणि किनारा दिसला की वाट बरोबर आहे असे समजायचे. जमिनीवरच्या माणसाला विमान दिसेपर्यंत ते कुठे आहे हे कळत नसे, आणि दिसले नाही तर काय समजायचे ते तो समजत असे.

पुढे मोर्स गेला, बिनतारी अधिकारीही हळूहळू गेला आणि वैमानिक तोंडानेच बोलू लागला. आजही विमान आणि नियंत्रक यांच्यातले रोजचे बोलणे साध्या रेडिओवर, उघड्या आवाजात चालते. आपल्याकडे १९३३ मध्ये बिनतारी तारायंत्र कायदा झाला. विनापरवाना यंत्र बाळगणे हा गुन्हा. म्हणजे कुलपाच्या जागी कायदा लावलेला. दाराला कडी नाही, पण आत येणाऱ्याला शिक्षा आहे अशी पाटी आहे.

उघड्या आवाजाची पहिली अडचण चोराची नव्हती. ती गोंधळाची होती. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. नियंत्रक ‘थांबा’ सांगत होता त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगत होता. दोन आवाज एकाच वेळी एकाच लहरीवर आले आणि ज्याला ते ऐकायचे होते त्याच्या कानात नुसती शिट्टी वाजली. लग्नघरात दोन जण एकदम बोलले तर आपण ‘काय म्हणालात?’ विचारतो. तिथे विचारायला वेळ उरला नव्हता.

आपल्याकडचे दुःख १२ नोव्हेंबर १९९६ चे. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी जम्बो आणि कझाक मालवाहू विमान यांची हवेत टक्कर झाली. ३४९ जण गेले. सौदी विमानात पोटासाठी आखाताकडे निघालेले कितीतरी भारतीय कामगार होते. पासपोर्ट, कंत्राटाचा कागद आणि घरच्यांनी बांधून दिलेले लोणचे एवढ्याच ऐवजावर निघालेली माणसे. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जे बाहेर आले ते वाचताना अंगावर काटा येतो. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितले होते आणि सौदी विमान चौदा हजारांवर होते. कझाक विमानात इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ चालकाकडे होते आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारे स्वतंत्र यंत्रच नव्हते. ऐकणारा एक, विमान खाली नेणारा दुसरा आणि दोघांमध्ये भाषांतर. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. विमान तोंडाने सांगेल तीच उंची खरी मानायची. या अपघातानंतर भारताने टक्कर टाळणारे यंत्र विमानांना सक्तीचे केले. ते यंत्र म्हणजे विमानांनी माणसाला मध्ये न घेता एकमेकांशी बोलणे.

माणसाऐवजी यंत्राने बोलावे ही कल्पना तोवर जुनी झाली होती. १९७८ मध्ये अमेरिकेत ‘एकार्स’ नावाची पद्धत सुरू झाली. गंमत अशी की तिच्यामागे सुरक्षेपेक्षा पगाराचा हिशेब होता. विमान फाटकावरून हलले, जमिनीवरून उचलले, जमिनीला टेकले आणि पुन्हा फाटकाला लागले, या चार वेळा वैमानिक स्वतः लिहीत आणि त्यावर त्यांचे वेतन ठरे. कंपन्यांना वाटले, या वेळा यंत्रानेच कळवाव्यात. विमानाच्या दारावर आणि चाकावर कळ बसली, छोटा संगणक आला आणि टेलेक्ससारखे तुटक संदेश खाली येऊ लागले. एका संदेशात फार तर दोनशेवीस अक्षरे. कवी म्हणून सांगतो, तेवढ्यात दोन शेर आरामात बसतात. हळूहळू त्या दोनशेवीस अक्षरांत हवामान आले, इंधन आले, इंजिनाची तब्येत आली, आजारी प्रवाशासाठी डॉक्टर मागणे आले आणि शेवटी उड्डाणाची परवानगीसुद्धा आली.

आणि मोहोर? मोहोर नव्हतीच. संदेश उघड्या अक्षरांत जात. पुढे स्वस्त रेडिओ आणि घरचा संगणक आला, तेव्हा युरोप-अमेरिकेतली शौकीन मंडळी छतावर तार टांगून ते वाचू लागली. कुणाला त्यात चूक वाटली नाही, कारण ही पद्धत घडली तेव्हा असे यंत्र विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. महागाई हेच त्या काळचे कुलूप होते. यंत्र स्वस्त झाले आणि ते कुलूप आपोआप गळून पडले.

काहींना लपवावेसे वाटले. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. काही धनिकांची खासगी विमाने आपले संदेश सांकेतिक करून पाठवत होती. आपण कुठे जातो हे जगाला कळू नये, ही त्यांची इच्छा. पण संकेत कोणता? एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर. बस्स! संशोधकांनी तो सहज उलगडला. संदेशात विमानाचे स्थान कुठल्या जागी येते, त्यात आकडे किती असतात, हे माहीत होते. तेवढा धागा पुरला.

हे वाचून मला आमच्या शाळेतली ‘च’ची भाषा आठवली. ‘विमान’ म्हणजे ‘चिमानव’. आठवडाभर आम्ही स्वतःला बिरबल समजायचो, आठव्या दिवशी मागच्या बाकावरचा पोरगाही त्याच भाषेत शिव्या द्यायचा. पण या खेळाची थोर बाजूही मराठीला ठाऊक आहे आणि ती आमच्या विदर्भातलीच आहे. ऋद्धिपूर आठवा. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा लिप्यांत लिहून ठेवले. मूळ अक्षराच्या जागी दुसरी खूण, एवढेच त्यांचेही तत्त्व. ‘लीळाचरित्रा’सारखे मराठी गद्याचे आद्य धन शतकानुशतके त्या लिपीच्या आड राहिले. पोथी हातात असूनही बाहेरच्या माणसाला अक्षर लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारखे संशोधक पुढे आले, नंतर आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे आले आणि ते भांडार खुले झाले. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९७८ ची. तिकडे एकार्स सुरू झाले तेच साल. यात अर्थ शोधू नका, मला नुसती मौज वाटली.

मग तोच संकेत पोथीला इतकी शतके पुरला आणि विमानाला का पुरला नाही? पोथी मठात कपड्यात बांधलेली असे, आणि ती ज्यांच्या हाती होती त्यांचा त्या अक्षरांवर जीव होता. लिपीपेक्षा राखणदार मोठा. विमानाचा संदेश मात्र उघड्या हवेत, शेकडो किलोमीटरच्या परिघात, एकाच वेळी सगळ्यांच्या हाती पडतो. ऐकणारा हजार संदेश जमा करतो आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते संगणकाला मोजायला लावतो. तिथे राखणदार नाही.

आता मघाची गल्लत. ‘सुरक्षित संदेश’ म्हटले की लोकांना ‘गुप्त संदेश’ आठवतो. विमानाच्या बाबतीत गुप्ततेची गरज त्या मानाने कमी आहे. नागपूरच्या नियंत्रकाने एखाद्या विमानाला तेहतीस हजार फुटांवर जा म्हटले आणि ते मूलच्या कुणी ऐकले, तर काय बिघडले? पण तेच वाक्य मूलच्या कुणी नियंत्रक बनून उच्चारले तर? हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या परिसरात एका तरुणाने विमानांच्या लहरींवर अनेकदा खोटे बोलणे केले आणि एका प्रवासी विमानाला उतरता उतरता पुन्हा वर जायला लावले. तो पकडला गेला, शिक्षाही झाली. वैमानिक ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवतो, तसा नियमच आहे. त्याने सूचना बरोबर ऐकली हे कळते. सांगणारा खरा होता की नाही हे कळत नाही.

एकेरी रेल्वेमार्ग ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना टोकन माहीत असेल. स्टेशनमास्तर वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेली पिशवी उंच धरून उभा असे, पिशवीत धातूचा गोळा. चालत्या इंजिनातला माणूस हात घालून ती उचले. दोन स्टेशनांमधल्या यंत्रांची जोडणी अशी की एका वेळी एकच गोळा बाहेर निघेल. गोळा हातात असेल तर पुढचा मार्ग तुझा. त्यात गुप्त काहीच नव्हते, सगळे प्रवासी खिडकीतून बघत. पण खोटा गोळा देणे जवळजवळ अशक्य होते. विमानाला हवे आहे ते हे टोकन.

नव्वदच्या दशकात वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातली लेखी पद्धत आली. सीपीडीएलसी असे तिचे नाव, जीभ अडखळावी असे. १९९५ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर तिचा वापर सुरू झाला, कारण समुद्रावर दूरच्या लहरींतला आवाज खरखरीत बुडून जातो. पुढे आपल्याकडे चेन्नई, कोलकाता यांनी उपसागरावरच्या विमानांसाठी ती घेतली. नियंत्रक ठरलेल्या वाक्यांतून वाक्य निवडतो, ते विमानातल्या पडद्यावर उमटते आणि वैमानिक कळ दाबून मान्य करतो. शिट्टी नाही, उच्चार नाही, ‘काय म्हणालात?’ नाही. या संदेशाच्या शेवटी एक आकडा असतो. राइस मिलमध्ये चलनाच्या खाली पोत्यांची बेरीज लिहितात ना, तसाच. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर बेरीज जुळत नाही आणि यंत्र संदेश टाकून देते. बेरजेत विमानाची स्वतःची नोंदही धरलेली असते, म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पडली तर तीही बाद. फार हुशारीची योजना आहे. पण पोती पळवणारा नवे चलन नवी बेरीज मांडूनच लिहील, त्याचे काय? बेरीज अपघाताला ओळखते, लबाडाला ओळखत नाही.

खरी मोहोर लावण्याचा एक प्रयत्न झाला. एकार्स संदेशांना कूट आणि सही देण्याचे मानक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. फार थोड्यांनी ते स्वीकारले. कारण खर्च. आणि दुसरे एक कारण असे आहे की ज्याच्याशी मी मनातून सहमत होतो. उघड्या आवाजात एक सोय होती. एकाच लहरीवरचे सगळे वैमानिक एकमेकांचे बोलणे ऐकत. पुढच्याने ढगात हादरे बसल्याचे सांगितले की मागचा पट्टे बांधायला लावी. एकाला चुकीची उंची दिली गेली तर दुसरा सावध होई. ही आभाळातली पाणवठ्याची गप्पा होती. लेखी संदेश दोघांतच राहतो. त्यावर कुलूपही घातले, तर शेजाऱ्याचा कान कायमचा गेला.

माझे अब्बा गावातल्या मजुरांची पत्रे वाचून दाखवत. कुणाचा मुलगा भिलाईला, कुणाचा नवरा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात. ओसरीवर दहा जण बसलेले असत आणि पत्र मोठ्याने वाचले जाई. लपवण्यासारखे असले तर अब्बा मध्येच ‘बाकी खुशाली आहे’ म्हणत आणि उरलेले नंतर एकट्याला सांगत. पण प्रत्येक पत्राच्या आरंभी ते न चुकता शिक्का पाहत आणि मजुराला विचारत, हे अक्षर कुणाचे? तिकडे पत्र लिहून देणारा बदललेला दिसला तर पैशांची मागणी असलेले पत्र ते दोनदा वाचत. आधी कुणाचे ते ठरवायचे, मग काय ते ऐकायचे, हा त्यांचा क्रम. विमानवाल्यांनाही आता तोच क्रम पटला आहे. नव्या यंत्रणेत इंटरनेटच्या नियमांवर संदेश धावतील, पण विमानाने आणि जमिनीवरच्या केंद्राने आधी एकमेकांना डिजिटल प्रमाणपत्र दाखवायचे, दोघांची खात्री पटली की मगच बोलायचे. जर्मनीने त्यासाठीच्या नव्या रेडिओची २०१९ मध्ये प्रत्यक्ष उड्डाणात चाचणी घेतली.

संदेश येत राहणे म्हणजे काय, हे ८ मार्च २०१४ च्या रात्री जगाला कळले. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्याचा शेवटचा एकार्स संदेश रात्री एक वाजून सात मिनिटांचा. नंतर कितीतरी तास उपग्रह त्याला ठरावीक अंतराने विचारत राहिला आणि विमानातले यंत्र उत्तर देत राहिले. उत्तरात मजकूर नव्हता, नुसते ‘आहे’. सकाळी आठ वाजून एकोणीस मिनिटांनंतर तेही थांबले. त्या मजकूरहीन ‘आहे’वरूनच नंतर समुद्रातली शोधरेषा आखली गेली.

आपल्याकडचे अलीकडचे चित्र असे. मार्च २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, आपल्या पुण्याचे मुरलीधर मोहोळ, यांनी लोकसभेत सांगितले की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागात, विमानांच्या जीपीएस संकेतांत ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. खोट्या संकेताने विमानाला ‘तू तिथे नाहीस, इथे आहेस’ असे पटवायचे, असा तो प्रकार. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळही तो झाल्याचे सरकारने संसदेत मान्य केले. त्याच महिन्यात दिल्लीची संदेश वाटप करणारी संगणक यंत्रणा बिघडली. उड्डाणांचे आराखडे आपोआप पोहोचेनात, नियंत्रकांना ते हाताने भरावे लागले आणि आठशेहून अधिक विमाने खोळंबली. तिथे कुणी लबाडी केली नव्हती, यंत्रच अडले होते. डाकेची थैली वेळेवर सुटली नाही की काय होते, हे सोनेगावच्या जुन्या डाकवाल्यांनी ओळखले असते.

आणि गोष्ट पुन्हा नागपूरला येते. देशाचे आभाळ आज दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य भागांत वाटलेले आहे. १९४९ च्या चार विमानांची गावे तीच. हे चारही भाग एकत्र करून वरच्या आभाळाचे नियंत्रण नागपुरातून करावे, अशी ‘ईशान’ नावाची योजना भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मांडली आणि २०२४ मध्ये तिचा सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी प्रस्ताव मागवले. ती उभी राहिली तर जैसलमेरवरच्या विमानालाही नागपुरातल्या खुर्चीवरून सूचना जाईल आणि ती बव्हंशी लेखी असेल. चार कपाटांतल्या चार मोहोरा एका कपाटात येतील. ते कपाट किती मजबूत करावे लागेल आणि ते बंद पडले तर दुसरे कुठे ठेवायचे, हे प्रश्न इमारतीच्या आराखड्याआधी सोडवायचे आहेत.

अडचण आणखी एक आहे. विमान पंचवीस-तीस वर्षे उडते. आज कारखान्यातून निघणारे विमान २०५० च्या आसपासही आमच्या मूलवरून जात असेल आणि त्याच्यासोबत नव्वदच्या दशकातली पेटी घेऊन उडणारेही काही काळ असेल. नियंत्रकाला दोघांशी बोलायचे आहे. एकाकडे प्रमाणपत्र, दुसऱ्याकडे नुसती बेरीज, आणि तिसरा अजूनही रेडिओवर आपले नाव तोंडाने सांगणारा.